काळी खिडकी उघडली आणि... : तुमचे अनुभव सांगा

परवा वहिनीच्या लॅपटॉपवर नेट चालेना. दोष राउटरचा की लॅपटॉपचा ते बघावं म्हणून मी सीएमडी, म्हणजे विंडोजमधली कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडलं आणि पिंग मारलं. काळ्या चौकोनात पांढरी अक्षरं सरकायला लागली तशी वहिनी ओरडलीच, "भावजी, हॅक होतंय का? बंद करा ते आधी!" पिंग म्हणजे पलीकडच्या मशीनला मारलेली नुसती हाक, 'ओ' येते का आणि किती मिलिसेकंदांत येते एवढंच बघायचं, हे सांगूनही तिचा चेहरा काही निवळला नाही. खरं तर विंडोज ९५ च्या आधी पीसीवर बसलेल्या बहुतेकांची सुरुवात याच चौकोनातून झाली. त्यात हुशारी वगैरे काही नव्हती, समोर दुसरं काही नसायचंच. तुमची या चौकोनाशी गाठ कशी पडली ते लिहा. सॉफ्टवेअरवाल्यांनी जरा मागच्या बाकावर बसावं.

*

१९९१, एक पतसंस्था, मी क्लार्क. दर शनिवारी डेटाच्या फ्लॉपीची दुसरी प्रत काढायची, डिस्ककॉपी या कमांडने. ड्राइव्ह एकच. त्यामुळे मशीन म्हणणार सोर्स (मूळ फ्लॉपी) टाका, मग टार्गेट (कोरी) टाका, परत सोर्स. नुसती हमाली. एकदा फोनवर बोलता बोलता सुरुवातीलाच अदलाबदल झाली आणि कोऱ्या फ्लॉपीची सुरेख प्रत भरलेल्या फ्लॉपीवर उतरली. मशीनची काहीच तक्रार नाही. उलट आणखी एक प्रत काढायची का, असं विचारत बसलं. साहेब काही बोलले नाहीत, पण सोमवारपासून सोर्सच्या कडेच्या खाचेवर पट्टी चिकटवायची सक्ती झाली. सव्वापाच इंची फ्लॉपीची ती खाच झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही. पट्ट्या फ्लॉपीच्या खोक्यातच यायच्या. तोवर आम्ही त्या फेकून देत होतो.

*

कॉलेजसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. मध्यंतरी पेनड्राइव्हमध्ये एक व्हायरस फिरत होता, फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवायचा. पोरं रडकुंडीला यायची, "दादा, प्रोजेक्ट गेला!" गेलेलं काहीच नसायचं. अट्रिब ही फाइल लपवण्या-दाखवण्याची कमांड लिहून पुढे मायनस एच, मायनस आर, मायनस एस दिलं की फोल्डर हजर. पोरं मला डॉक्टर म्हणायची. एका मुलीला तेच फोनवर सांगताना मात्र घाम फुटला. मी "मायनस" म्हणतोय आणि ती अख्खं स्पेलिंग टाइप करतेय. पुढे तिरपी रेघ आली. "दादा, डावीकडे कललेली की उजवीकडे?" मी हवेत बोट फिरवून बघितलं आणि तरी उलटीच सांगितली. शेवटी "प्रश्नचिन्हाच्या बटणावरची" म्हटल्यावर जमलं.

*

व्हीआय नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये अडकले होते, बाहेर कसं पडायचं ते कळेना. मेन स्विच बंद करून बाहेर पडले. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

*

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू हे लिनक्स आलं तेव्हाची गोष्ट. सुडोने (म्हणजे 'अॅडमिनच्या अधिकाराने चालव') सुरू होणारी एक ओळ कागदावर लिहून मिळाली होती, ती टाइप केली. पासवर्ड विचारला. मी बटणं दाबतेय आणि स्क्रीनवर काहीच उमटेना. चांदणी नाही, ठिपका नाही. कीबोर्ड गेला समजून मामांना स्टोअरमधून दुसरा आणायला सांगितला. तोही 'गेलेला'. तिसरा मागवणार, तेवढ्यात नववीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते दिसतच नसतं. लिहा आणि एंटर मारा." मागे उभ्या असलेल्याला पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये, म्हणून तसं म्हणे. बरं, पण मग तसं खाली एका ओळीत लिहायला काय झालं होतं? फाइल कॉपी केली तरी तीच तऱ्हा. 'झाली' म्हणून सांगायचं नाही. काही न बोलता पुढची ओळ आली की झाली समजायचं. माझ्या वर्गात एवढी शांतता पसरली तर मी आधी मागच्या बाकाकडे बघते.

*

अकाउंट्समध्ये आहे, दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस मारायची बोटांना सवय. लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे तिथल्या काळ्या खिडकीत, मारलं तर सगळं गोठलं. घाबरून आणखी दोनदा मारलं. शेजारच्याने येऊन कंट्रोल-क्यू दाबलं आणि सुटलं. जुन्या टर्मिनलांना 'थांब' आणि 'चालू दे' सांगायच्या या खुणा, अजून तशाच राहिल्यात. आणि ते कंट्रोल-सी, तिथे ते चालू काम बंद पाडतं! एक आकडा कॉपी करायला गेले आणि तासभर चाललेला रिपोर्ट जागच्या जागी मेला.

*

बाबा आमच्याकडे अमेरिकेत एडिसनला आले होते. मी ऑफिसात असताना त्यांना फोन आला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. त्यांना काळी खिडकी उघडायला लावून अॅसॉक ही कमांड लिहायला सांगितली. कुठली फाइल कशात उघडते त्याची भलीमोठी यादी आली. तिच्या शेवटाकडे तीन आठांनी सुरू होणारा एक लांबलचक नंबर होता, तो पलीकडच्याने आधीच वाचून दाखवला. "हा तुमच्या मशीनचा नंबर, आमच्याकडे नोंद आहे." बाबांचा विश्वास बसला. नशीब, कार्ड शोधता शोधता त्यांनी मला फोन केला. मी माझ्या लॅपटॉपवर तीच कमांड चालवली, नंबर तोच. तो सगळ्या विंडोजमध्ये सारखाच असतो. बाबांना अजून पटलेलं नाही. "पण नंबर तर खरा होता ना?"

*

मला अजिबात दिसत नाही, त्यामुळे खिडकी काळी की पांढरी याने माझं काही अडत नाही. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. कित्येक प्रोग्रॅममध्ये चित्रांना नावंच दिलेली नसतात. मग कानावर काय पडतं, तर बटण, बटण, बटण. कुठलं बटण, ते दाबल्यावर कळणार. कमांड लाइनवर मी लिहितो ते ऐकू येतं आणि मशीन उत्तर देतं तेही ओळीने ऐकू येतं. उभ्या रकान्यांची यादी आली की मात्र तारीख, आकार, नाव असं सलग घोकल्यासारखं ऐकावं लागतं आणि तिसऱ्या ओळीला लक्ष उडतं.

वरच्या मॅडमना सांगतो, त्या पासवर्डच्या जागी माझं स्क्रीन रीडरही गप्प बसतं. मी डाव्या हाताने मांडीवर अक्षरं मोजत उजव्या हाताने टाइप करतो.