‘द कॅम्पबेल्स आर कमिंग’ ही जिग नेमकी किती जुनी?

प्रश्न :
सध्या मी फिडलवर (व्हायोलिनवर) ‘द कॅम्पबेल्स आर कमिंग’ ही 6/8 तालातली स्कॉटिश जिग, म्हणजे चपळ नृत्यचाल, बसवत आहे. कोणी तिचा संबंध 1567–68 मध्ये लॉकलेवनच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या स्कॉटलंडच्या राणी मेरीशी जोडतात, कोणी 1715 च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांच्या) उठावाशी, तर कोणी थेट आपल्या लखनौशी. यांपैकी लेखी आधार कशाला आहे? जुन्या ढंगाचे वादन कुठे ऐकायला मिळेल, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 :
भक्कम पुरावा उठावाच्या काळाचा आहे. फेब्रुवारी 1716 मधल्या एका पत्रात, कॅम्पबेल कुळाचा प्रमुख आणि सरकारी बाजूने लढणारा अर्गाइलचा ड्यूक याचे हायलँडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले) सैनिक पर्थ आणि डंडी या शहरांत तीन तुकड्यांनी शिरले, प्रत्येक तुकडीचे बॅगपाइपवाले निराळी चाल वाजवत होते आणि पहिल्या तुकडीची चाल हीच होती, असे वर्णन आहे. म्हणजे तेव्हा ती लोकांच्या ओळखीची होती. छापील स्वरूपात ती रॉबर्ट ब्रेमनर यांच्या 1757 ते 1761 दरम्यान भागाभागाने निघालेल्या रील-संग्रहात (रील हाही स्कॉटिश नृत्यचालींचा प्रकार) आढळते.

मेरीचा धागा बहुधा शब्दांमुळे जुळला असावा. 1790 मध्ये ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या गीतसंग्रहाच्या तिसऱ्या खंडात आलेल्या गीतात लॉकलेवनचा उल्लेख आहे, पण त्याच गीतात तोफा गर्जवत पुढे निघालेला ‘थोर अर्गाइल’ही आहे. गाण्यात एखादे ठिकाण आले म्हणून त्याची चाल दीडशे वर्षे मागे नेणे मला मुळीच पटत नाही.

लखनौबद्दल अधिक सावध राहावे. 1857 च्या वेढ्यात जेसी ब्राउन नावाच्या स्त्रीला सुटकेस येणाऱ्या फौजेचे पाइप सर्वांआधी ऐकू आले, ही कथा त्याच वर्षाअखेरीस वृत्तपत्रांतून पसरली आणि 1858 मध्ये न्यूयॉर्कला तिच्यावर नाटकही झाले. नोव्हेंबरात सुटकेला आलेल्या सैन्याचे सेनापती कॉलिन कॅम्पबेल होते, त्यामुळे या चालीचे नाव कथेला फारच शोभून दिसले. जेसीची कथा मात्र कल्पित मानली जाते.

प्रतिसाद 2 :
वरील माहितीत गेलिक बाजूची भर घालतो. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत ही चाल ‘बाइला इनारारा’, म्हणजे ‘इनव्हरेरी गाव’, या नावाने ओळखली जाते आणि इनव्हरेरी हे अर्गाइलच्या कॅम्पबेलांचे मुख्य ठिकाण. त्या गाण्यात युद्धाचा मागमूसही नाही. तिथल्या एका लग्नाला गेलेला पाहुणा जेवायला शिंपल्यांखेरीज काही मिळाले नाही म्हणून यजमानांची उणीदुणी काढतो. आयर्लंडमध्ये याच चालीवर म्हाताऱ्या नवऱ्याला वैतागलेल्या बायकोचे गाणे गातात. इंग्लिश नृत्यसंग्रहांत हीच चाल ‘हॉब ऑर नॉब’ या नावाने आली. शोध घेताना ही सारी नावे हाताशी ठेवावीत, नाहीतर निम्मी सामग्री निसटते.

प्रतिसाद 3 :
ध्वनिमुद्रणांसाठी ‘टोबर अन दुआलहाइस’ हा संग्रह पाहावा. एडिंबरा विद्यापीठात 1951 मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ने गावोगावी जाऊन केलेली मुद्रणे तिथे ऑनलाइन ऐकता येतात. जुन्या फिडलवादनाचा बाज कानात मुरवायचा असेल, तर स्कॉटिश फिडलवादक जेम्स स्कॉट स्किनर (1843–1927) यांची विसाव्या शतकाच्या आरंभीची मुद्रणे अवश्य ऐकावीत. खरखर फार आहे, पण गजाचा जोर त्यातूनही स्पष्ट कळतो.

एक सूचना करतो. ही चाल बॅगपाइपच्या नऊ स्वरांत बसते आणि पाइपवाले ती कूच म्हणून ठाशीव, थांबत्या लयीत वाजवतात. फिडलवर जिग म्हणून वाजवताना तीन-तीन मात्रांचे दोन गट आपल्या दादऱ्यासारखे मोजावेत, मात्र वजन दोन्ही गटांच्या पहिल्या मात्रेवर द्यावे. दुसऱ्या गटाची सुरुवात खालीसारखी हलकी ठेवली, तर नाचणाऱ्याचे पाऊल अडखळते.