चीन म्हणजे फक्त सीमा नव्हे: तौलनिक राजकारणात चीन हा विषय घ्यावा का?

वाटसरू_४११: राज्यशास्त्रात एम.ए. झालेली मुलं विचारतात, पीएचडीला तौलनिक राजकारण (म्हणजे देशादेशांच्या अंतर्गत राजकारणाची तुलना) घेतोय, देश म्हणून चीन निवडू का? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: "चीनच करायचा तर आंतरराष्ट्रीय संबंध घे. सीमाप्रश्न, हिंदी महासागर, त्यालाच विचारतात." माझं मत नेमकं उलट आहे.

आपल्याकडचा चीन-अभ्यास युद्धाच्या धक्क्यातून उभा राहिला. दिल्ली विद्यापीठातला चिनी अध्ययनाचा विभाग १९६४ चा, म्हणजे ६२ नंतर दोनच वर्षांत. त्यामुळे 'बीजिंग आपल्याबद्दल काय ठरवतंय' हाच प्रश्न पुढे राहिला. तिथल्या गावात रस्ता कोण करतं, तालुक्याच्या पक्ष-सचिवाला बढती कशावर मिळते, हे विचारणारे फार थोडे.

आणि खरं सोनं तिथेच आहे. लिली त्साई या अभ्यासिकेने चार प्रांतांतल्या ३१६ गावांची पाहणी केली. प्रश्न साधा होता: काही गावांत रस्ते, शाळा, पाणी नीट आहे आणि शेजारच्याच गावात नाही, असं का? गावात निवडणुका नीट होतात की नाही, यावरून उत्तर मिळेना. मिळालं ते देवळात आणि भावकीत. अख्खं गाव ज्या देवस्थानाभोवती किंवा कुळाभोवती जमतं आणि गावचे अधिकारीही त्यात असतात, तिथे कामं होतात, कारण गावासमोर मान राखायचा असतो. कुळ गावातल्या एका भागापुरतं असेल, तर हा परिणाम दिसत नाही.

हे वाचून आपलं गाव डोळ्यांसमोर येत नाही का? यात्रेची वर्गणी पैपर्यंत जमते, हिशेब देवळाच्या फळ्यावर लागतो, आणि त्याच गावाची पाणीपट्टी थकलेली असते. पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, चीनचा ग्रामसमित्यांचा कायदा प्रायोगिक स्वरूपात १९८७ चा आणि कायमचा १९९८ चा. दोन्ही देश एकाच काळात गावाला अधिकार देऊन बघत होते. ही तुलना भावकी जवळून पाहिलेल्या मुला-मुलींनी नाही करायची तर कुणी करायची?

कृष्णाकाठ: तळमळ पटली, सल्ला नाही पटला. सेट-नेट होऊनही सीएचबीवर तासाच्या हिशेबाने शिकवणारे आमच्या महाविद्यालयात आहेत. त्यात चिनी भाषा शिकायची. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषिकाला त्यासाठी २२०० तास वर्गात बसावं लागेल असं धरते. मराठी माणसाला कमी लागतील असं मानायला आधार नाही. म्हणजे पीएचडीआधीच दोन-तीन वर्षं गेली. घरचं कर्ज कोण फेडणार? आंतरराष्ट्रीय संबंध घेतलं तर निदान दिल्लीतल्या धोरण-संस्थांची दारं तरी उघडी राहतात.

रिया_डेटा: मी तर म्हणेन, भाषेच्या मागे एवढं लागूच नका. २०१३ मध्ये गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी समाजमाध्यमांवरच्या लाखो चिनी पोस्टी उतरवून घेतल्या आणि कुठल्या पुसल्या जातात ते पाहिलं. सरकारवरची टीका बऱ्याचदा राहते, लोकांना रस्त्यावर एकत्र आणू शकेल असं लिखाण उडतं. हे कुठल्याही गावात मुक्काम करून सापडलं नसतं. संख्याशास्त्र शिका, उद्या चीनचं दार बंद झालं तर तेच कौशल्य ब्राझीलला लावता येईल.

वाटसरू_४११: रियाताई, त्या अभ्यासातसुद्धा कुठली पोस्ट कशाबद्दल आहे हे चिनी वाचणाऱ्या माणसांनी ठरवलं, संगणक त्याच्या नंतर आला. संख्याशास्त्र हवंच, पण भाषा नसेल तर दुसऱ्याने लावलेल्या वर्गवारीवर विसंबून राहावं लागतं.

कृष्णाकाठ, नोकरीबद्दल तुमचं म्हणणं खोडता येणार नाही. फक्त एक: सीमाप्रश्नावर लिहिणारे निवृत्त राजदूत आणि सेनाधिकारी आहेत, त्यांच्याकडे चाळीस वर्षांचा अनुभव आहे. सव्वीस वर्षांच्या मुलीने तिथे काय नवं सांगायचं? चीनच्या जिल्हा-तालुक्याच्या पातळीवर मात्र आपल्याकडे अभ्यासाची जागा रिकामी आहे.

अनामिक_वाई: जायचं कसं ते सांगा आधी. २०२० नंतर थेट विमानं बंद झाली ती २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. २०२३ च्या एप्रिलपासून सीएनकेआय या चिनी संशोधनसंग्रहातले प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिकं परदेशी वाचकांना मिळेनाशी झाली. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातलं युनिव्हर्सिटीज सर्व्हिस सेंटर, जिथे चीनवर काम करणारे जगभरचे लोक बसायचे, तेही बंद करून संग्रह ग्रंथालयात विलीन केला. आणि समजा गेलात, तर तुमच्याशी बोलणाऱ्या गावकऱ्याचं पुढे काय होतं? तुम्ही प्रबंध घेऊन परत येता, तो तिथेच असतो.

मंजिरी_सोलापूर: शेवटचा मुद्दा फार गंभीर आहे, याला कुणी बगल देऊ नका. पण दार बंद असणं नवीन नाही. हाँगकाँगचं हे केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं तेव्हा अमेरिकी अभ्यासकांना चीनमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं. सीमा ओलांडून आलेल्यांच्या मुलाखती आणि प्रांतिक वर्तमानपत्रांची कात्रणं, यांवर त्यांनी कम्यूनमधलं, म्हणजे तिथल्या सामूहिक शेतीच्या गावांतलं, राजकारण उभं केलं. भाषा येत होती म्हणून ते जमलं. आपल्याकडचंही उदाहरण आहे: वसंत परांजपे १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले, आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषी होते.

कृष्णाकाठ: परांजपे परराष्ट्र सेवेत गेले, मंजिरीताई. हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं.

शिवाय तुलनेलाच माझा आक्षेप आहे. आपल्या सरपंचाला मतदार पाडतात. तिथे गावसमितीच्या डोक्यावर पक्षाची शाखा आहे. एका पक्षाचं राज्य आणि लोकशाही एकाच तराजूत कशी घालणार?

वाटसरू_४११: निकाल सारखा लागावा म्हणून तुलना करत नाहीच आपण. तिथल्या अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात काही लक्ष्यं अशी असतात की तेवढ्या एकात चुकलात तर बाकीचं काम कितीही चांगलं असो, त्या वर्षीचं बक्षीस आणि बढती दोन्ही जातात. कुटुंबनियोजन त्यात होतं, सामाजिक स्थैर्यही. मग गावातून कुणी तक्रार घेऊन बीजिंगला निघाला की त्याला वाटेतच गाठून परत आणायला माणसं धावतात. आता आपल्याकडचा गटविकास अधिकारी घ्या. वरून लक्ष्य त्यालाही येतं, पण खाली निवडून आलेला सभापती बसलेला असतो. तक्रारदाराला कोण कसं वागवतं, हे दोन्हीकडे जाऊन बघण्यासारखं आहे, आणि फरक नेमका कशाने पडतो ते तुलनेशिवाय कळणार नाही.

अनामिक, मुलाखतीबद्दल तुमचं खरं आहे. नाव, गाव, तारीख काही नोंदवायचं नाही, आणि बोलणाऱ्याला धोका आहे असं वाटलं तर तो भाग प्रबंधातून काढायचा, मग प्रकरण लंगडं राहिलं तरी चालेल.

कृष्णाकाठ: बरं. तरी माझ्या विद्यार्थिनीला मी एवढंच सांगेन: आधी चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेची चौथी पातळी पास हो, शिष्यवृत्ती हातात घे, मग नाव नोंदव. शिष्यवृत्ती नसेल तर चीन नको.

वाटसरू_४११: शिष्यवृत्तीची अट मान्य. चौथ्या पातळीवर वर्तमानपत्र वाचून होत नाही, तिला सहावीपर्यंत जाऊ द्या.