शब्दचर्चा: ‘व्हिरुलन्स’ला ‘विखार’ म्हणावे का?

प्रश्न:
एका शोधनिबंधाचा मराठी सारांश लिहिते आहे. रुग्णालयाबाहेरच्या माणसांत सापडलेल्या एमआरएसए (मेथिसिलिन या प्रतिजैविकाने न मरणाऱ्या स्टॅफ) जीवाणूंमध्ये कोणती ‘व्हिरुलन्स जीन्स’ आहेत, असा विषय. ‘जीन’ला जनुक आहेच, अडते ते ‘व्हिरुलन्स’पाशी. ‘तीव्रता’ म्हटले की ताप किंवा वेदना आठवते. ‘विषाक्त’ म्हटले की बिघडलेले अन्न. ‘घातक’ तर बातम्यांनी इतका वापरलाय की त्यातून काहीच कळत नाही. काय लिहू?

उत्तर:
‘विखार’ लिहा. जुन्या मराठीत विषाला ‘विख’ म्हणत, ते या शब्दात अजून दिसते. ‘व्हिरुलन्स’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘व्हायरस’चा अर्थही विषच, आणि तो आपल्या ‘विष’चा भाऊबंद. ‘रोगकारकता’ मात्र इथे नको. जीवाणू रोग घडवू शकतो की नाही, एवढेच ती सांगते. घडवला तर किती जोराने, हे विखार सांगतो.

आणखी एक मत:
शब्द आवडला, पण शंका आहे. ही सगळी जनुके विष बनवत नाहीत. ल्युकोसिडिन खरोखरच विष आहे. पांढऱ्या पेशींच्या आवरणाला ते भोके पाडते. पँटन आणि व्हॅलेंटाइन यांनी १९३२ मध्ये त्याचा त्वचेच्या संसर्गांशी संबंध दाखवला, म्हणून त्याला पीव्हीएल म्हणतात. पण कोॲग्युलेज या प्रथिनाचे काय? काचनळीत सशाचा प्लाझ्मा घेऊन त्यात हा जीवाणू घालतात आणि ३७ अंशांवर ठेवतात. साधारण चार तासांत प्लाझ्मा विरजल्यासारखा घट्ट होतो, नळी कलती केली तरी गठ्ठा जागचा हलत नाही. या जीवाणूच्या अंगावरचे प्रोटीन ए तर आपल्या प्रतिपिंडांना चुकीच्या टोकाने धरून ठेवते. यात विष कुठे आहे?

उत्तर:
‘विखारी टीका’ म्हणतो तेव्हाही विष कुठे असते? हा शब्द केव्हाच ‘इजा करण्याची ताकद’ या अर्थाकडे सरकला आहे. ‘विखारी जनुके’ म्हटले तर वाचक गोंधळेल, जनुकच विषारी आहे असे वाटेल. म्हणून ‘विखाराची जनुके’ म्हणा. आणि जनुक सापडले म्हणजे ते प्रथिन तयार होतेच असे नाही. जनुक शोधणारी पीसीआर चाचणी जनुक दाखवते, त्याचे काम दाखवत नाही. त्यामुळे ‘विखारी जीवाणू आढळले’ असे न लिहिता ‘विखाराची जनुके आढळली’ असेच लिहा.

वेगळा मुद्दा:
माझा आग्रह दुसऱ्याच शब्दाबद्दल आहे. एमआरएसएच्या नावातल्या ‘रेझिस्टन्स’ला कृपया ‘प्रतिकारशक्ती’ म्हणू नका. तो शब्द आपल्या शरीराचा आहे. तो जीवाणूला लावला की लोकांना वाटते, आपल्या अंगालाच औषधाची सवय झाली. सवय अंगाला होत नाही, बदललेला असतो जीवाणू. मेकए या जनुकामुळे तो पेशीभित्ती बांधणारे वेगळे प्रथिन बनवतो आणि मेथिसिलिनला ते नीट पकडताच येत नाही. मेथिसिलिन वापरात आले १९५९ च्या सुमारास, आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. ‘दाद न देणे’ हा आपल्याकडे तयार असलेला वाक्प्रचार इतका चपखल बसतो की नवा शब्द घडवायची गरजच नाही.

दाद न देणे आणि विखार, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. औषधाला दाद न देणारा जीवाणू नाकात शांतपणे राहू शकतो. उलट साध्या औषधाने मरणारा जीवाणू विखारी असू शकतो. एकाच जीवाणूत दोन्ही जमले की गोष्ट गंभीर होते. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात १९९७ ते १९९९ या काळात चार मुले एमआरएसएने दगावली, आणि रुग्णालयाशी संबंध येण्यासारखे नेहमीचे कोणतेही कारण त्यांच्या बाबतीत नव्हते. ‘सुपरबग’ या एका शब्दात हे दोन्ही कोंबले की वाचकाला काहीच उलगडत नाही.

प्रश्नकर्तीकडून:
पटले. आता ‘कम्युनिटी-अक्वायर्ड’ एमआरएसएमधले ‘कम्युनिटी’. ‘समाजजन्य’ लिहिले होते, पण मराठीत ‘समाज’ म्हटले की आधी जातच डोळ्यांपुढे येते. एखाद्या समाजावर ठपका ठेवल्यासारखे वाचले जाईल.

उत्तर:
मग सरळ ‘रुग्णालयाबाहेर लागण झालेला’ लिहा. लांब आहे, पण त्यात कुणावर बोट नाही. व्याख्याही जवळपास तशीच आहे: दाखल होण्यापूर्वी किंवा पहिल्या ४८ तासांत घेतलेल्या नमुन्यात जीवाणू सापडलेला, आणि अलीकडे रुग्णालय, शस्त्रक्रिया, डायलिसिस यांच्याशी संबंध न आलेला. आजाराचे नावही साधे ठेवा. बहुतेकदा ते गळू किंवा केसतूडच असते, आणि रुग्ण म्हणतो, ‘काहीतरी चावलंय.’

प्रश्नकर्तीकडून:
तर वाक्य असे झाले: ‘रुग्णालयाबाहेर लागण झालेल्या आणि मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफ जीवाणूंमधील विखाराची जनुके.’ आईला वाचून दाखवले. तिने एवढेच विचारले, ‘स्टॅफ म्हणजे?’ ग्रीकमध्ये द्राक्षाचा घोस, सूक्ष्मदर्शकाखाली तो तसाच दिसतो, असे सांगितले. बाकीच्या शब्दांवर ती अडली नाही.