पाककृतींच्या साइटचे सगळे यूआरएल बदलले, क्लिक तिसऱ्या हिश्श्यावर आले. जुने परत आणू का?

खमंग_डबा

मराठी पाककृतींची वर्डप्रेस साइट आहे, साधारण ६४० पोस्ट. यूआरएल आधी साल/महिना/मराठी स्लग (पत्त्यातला पोस्टच्या नावाचा भाग) असे होते. दिवाळी आटोपल्यावर डेव्हलपरने तारीख काढून टाकली आणि सगळे स्लग रोमन केले, तेही थेट डेटाबेसमध्ये. जुन्या लिंका तुटल्या, तेव्हा ४०४ ('पान सापडलं नाही') येणारं प्रत्येक पान ३०१ ने (कायमच्या रिडायरेक्टने) होमपेजवर वळवलं. आता पाच आठवडे झालेत. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये 'सॉफ्ट ४०४' वाढतायत आणि क्लिक एक तृतीयांश उरलेत. बदलाआधीचा डेटाबेस बॅकअप हाताशी आहे. जुने यूआरएल परत आणावेत का? आणि रोमन स्लगने रँकिंग सुधारतं हे खरं का?

सर्व्हर_सांगाती

पहिलं काम, होमपेजवरचं ते सरसकट रिडायरेक्ट आजच काढा. खिचडीचं पान मागितलं आणि होमपेज हातात आलं, तर गूगल ते 'पान हललं' असं धरत नाही, 'पान नाही' असंच धरतं. सॉफ्ट ४०४ म्हणजे तेच. जुन्या पानाने कमावलेलं नव्या पानाकडे जातच नाही.

परत फिरू नका. पाच आठवड्यांत बरेचसे नवे यूआरएल इंडेक्स झाले असतील. पुन्हा उलटवलंत तर गूगलला दुसऱ्यांदा सगळं नव्याने लावावं लागेल. एकास एक ३०१ लावा.

यादी शीर्षकावरून जुळवू नका, पोस्टच्या आयडीवरून जुळवा. आयडी बदललेला नाही. बॅकअप वेगळ्या डेटाबेसमध्ये उघडा, पोस्टच्या टेबलातून फक्त प्रकाशित पोस्टचा आयडी, तारीख आणि स्लग घ्या. आजच्या डेटाबेसमधून आयडी आणि नवा स्लग घ्या. दोन्ही आयडीने जोडलं की साल/महिना/जुना स्लग एका रकान्यात, नवा पत्ता दुसऱ्यात. ती सीएसव्ही (रकान्यांची साधी फाइल) 'रिडायरेक्शन' प्लगइनमध्ये आयात होते. ज्या पोस्ट मुळात काढून टाकल्यात त्यांना ४०४ किंवा ४१० ('पान कायमचं काढलं') च राहू द्या.

एरवी पोस्टच्या संपादन-पडद्यावरून स्लग बदलला असता तर वर्डप्रेसने जुना स्लग स्वतःच लक्षात ठेवला असता. डेटाबेसमध्ये हात घातल्यावर ती नोंद होत नाही, म्हणून हा सगळा उपद्व्याप.

अक्षरजुळणी

शीर्षकावरून का नाही, ते जरा फोड करून सांगतो, कारण मराठी साइटवाले नेमके इथेच फसतात.

वर्डप्रेसमध्ये स्लगचा रकाना २०० अक्षरांचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, वेलांटी धरून) यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं आणि यूआरएलसाठी एन्कोड झालं, म्हणजे टक्क्यांच्या खुणांत लिहिलं गेलं, की ९ अक्षरं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. 'उपवासाची साबुदाणा खिचडी कशी करावी' घ्या: 'खिचडी'पर्यंत १९१ झाली, मग जोडरेघ, पुढचा 'क' बसत नाही. स्लग तिथेच कापला जातो. 'उपवासाची साबुदाणा खिचडी मोकळी होण्यासाठी' ही दुसरी पोस्ट असेल तर तिचाही स्लग तोच, फक्त मागे २ लागलेला. शीर्षकावरून यादी बनवणारी स्क्रिप्ट या दोघींची हमखास अदलाबदल करते.

दुसरी भानगड 'पुऱ्या'ची. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे, म्हणून शीर्षकं जुळत नाहीत. पुऱ्या, भाकऱ्या, करंज्या यांतल्या पहिल्या दोन पाककृती तपासाच. तिसरीला धोका नाही.

खमंग_डबा

आभार. यादी झाली. पण प्लगइनऐवजी डेव्हलपरने ती डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचे सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये) टाकली आणि एकही रिडायरेक्ट चालत नाही. ब्राउझरमधून कॉपी केलेले, टक्क्याच्या खुणांचे लांबलचक पत्ते जसेच्या तसे टाकलेत.

सर्व्हर_सांगाती

तिथेच गोम आहे. अपाचे पत्ता आधी डीकोड करतं आणि मग नियमाशी ताडून बघतं, त्यामुळे टक्क्यांचा नमुना कधीच जुळणार नाही. डावीकडचा जुना पत्ता सरळ देवनागरीत लिहा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीला लागणाऱ्या न दिसणाऱ्या चिन्हाशिवाय), जतन करा. बीओएम राहिला तर सगळी साइट ५०० (सर्व्हरची चूक) देईल. हे नियम वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉकच्या वर हवेत, आणि त्या ब्लॉकच्या आत तर नकोतच. पर्मालिंकची (पोस्टच्या पत्त्यांच्या रचनेची) सेटिंग जतन केली की वर्डप्रेस तो ब्लॉक नव्याने लिहितं.

मग कर्लने (पत्ता मागवून बघायच्या कमांडने) नुसते हेडर मागवून तपासा. ३०१ हवा, ३०२ (तात्पुरतं रिडायरेक्ट) नको, आणि एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर पोचायला हवं. एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, तिथून नवा स्लग अशी साखळी झाली असेल तर तोडा. कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता सांगणारा), साइटमॅप आणि पोस्टमधल्या आपसातल्या लिंका, तिन्हीकडे नवेच पत्ते हवेत. रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल म्हणतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंकांसाठी ते कायमच राहू द्यावेत.

आकडेमोड

रोमन स्लगने रँकिंग वाढतं हे विसरा. पत्त्यातल्या शब्दांचं वजन अगदी किरकोळ, आणि वाचकांच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरायला गूगलची काही हरकत नाही. रोमनचा खरा फायदा एवढाच की शेअर केलेली लिंक टक्क्यांची मालगाडी होत नाही.

लोक रोमनमध्ये किती शोधतात ते मात्र बघा. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्समध्ये क्वेरी (शोधलेले शब्द) फिल्टरला रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना) निवडून [अ-ह] टाका: देवनागरी क्वेरी वेगळ्या होतील. 'जुळत नाही' निवडलं की उरलेल्या रोमन. ज्या पानांना रोमन क्वेरी जास्त, तिथे पदार्थाचं रोमन नाव पहिल्या परिच्छेदात एकदा आलं तरी पुरे. पाच स्पेलिंगांची रांग लावू नका.

आणि एक तृतीयांशचं सगळं खापर यूआरएलवर फोडू नका. दिवाळीनंतर चकली-चिवड्याची शोधाशोध आपोआप बसते. 'मागील कालावधी'शी तुलना केलीत तर फराळाचे आठवडेच समोर येतील. मागच्या वर्षाशी करताना तारखाही हाताने भरा, कारण लक्ष्मीपूजन २०२४ ला १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ ला २१ ऑक्टोबरला. फराळाची पानं गाळून फक्त रोजच्या भाज्या-आमट्यांचे क्लिक पाहिलेत तर खरी घट कळेल. डेटा १६ महिनेच राहतो, तेव्हा मागच्या दिवाळीचे आकडे आत्ताच उतरवून ठेवा.