मदत हवी आहे: शाळेच्या कामात पालकांना कसं जोडून घ्यावं?

नमस्कार मंडळी. गावच्या हायस्कूलमध्ये आम्ही चार पालक संध्याकाळी सहा ते आठ दहावीची अभ्यासिका चालवतो. आठवीच्या मुलांची एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारीही घेतो; निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, आमच्याकडे ही रक्कम फार मोठी आहे.

अडचण माणसांची. पालकसभा सकाळी अकराला, तेव्हा सगळे कापूस वेचायला रानात. एक आई मजुरी बुडवून आली, दारातच थबकली. "मला लिहिता येत नाही, मी काय करू?" आता तीच रोज कुलूप उघडून सतरंज्या अंथरते.

अशा पालकांना आणखी कोणती कामं देता येतील? तुमच्याकडे रात्री सभा घेतल्या तर लोक येतात का? आणि बीजगणिताचा आठवड्याला एक ऑनलाइन तास कुणी घेईल का?