लूव्रच्या प्रसंगासाठी तरी बघाच

कथा विस्कळीत आहे म्हणून 'लूनी ट्यून्स : बॅक इन ॲक्शन' (२००३) हा कार्टून पात्रं आणि खरी माणसं एकत्र असलेला चित्रपट टाकाऊ, हे मत मला पटलं नाही. 'ब्लू मंकी' नावाच्या हिऱ्यामागची धावपळ विस्कळीत आहे, मान्य. पण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला प्रसंग आठवून बघा! शिकारी एल्मर फड बंदूक घेऊन बग्ज ससा आणि डॅफी बदक यांच्या मागे लागतो आणि तिघंही भिंतीवरच्या चित्रांत शिरतात. चित्रकार दालीच्या वितळत्या घड्याळांच्या चित्रात त्यांची अंगंही तशीच वितळतात, मुंकच्या 'द स्क्रीम' या चित्रात लांबुडकी, वळणदार होतात. ठिपक्यांनी चित्रं रंगवणाऱ्या सोराच्या चित्रातून एल्मर बाहेर येतो तो नुसत्या ठिपक्यांचा, आणि बग्ज पंखा लावून ते ठिपके उडवून देतो! (दाली, मुंक आणि सोराची ती चित्रं खऱ्या लूव्रमध्ये नाहीत, मुलांना तेवढं सांगा.) चित्रकाराची शैली पात्राच्या अंगात उतरवायला हातात किती कसब लागत असेल! ॲनिमेशनची बाजू एरिक गोल्डबर्गने सांभाळली होती.

नायकाचं काम करणाऱ्या ब्रेंडन फ्रेझरचंही कौतुक व्हायला हवं. समोर बदक नसताना बदकाशी भांडायचं, नजर नेमक्या उंचीवर ठेवायची, हे सोपं नाही. टॅझ या कार्टून पात्राचा आवाजही त्याचाच आहे. आणि संगीतकार जेरी गोल्डस्मिथने संगीत दिलेला हा शेवटचा चित्रपट.