शिकागो बेअर्सची ओ-लाइन (ऑफेन्सिव्ह लाइन, क्वार्टरबॅकसमोरची पाच जणांची भिंत): पहिले पाच झाले, पण सहावा-सातवा कोण? सल्ला हवाय

शाम्बर्गकर
मंडळी, २०२५चा मिनीकॅम्प (जूनमधला छोटा सराव) संपला, आता जुलैत मुख्य कॅम्प सुरू होईपर्यंत बातम्या नाहीत, म्हणून हा धागा काढतोय. आमच्या ग्रुपवर आठवडाभर वाद चाललाय आणि दोन तट पडलेत, तुमचं मत हवंय.

मार्चमध्ये आपला जनरल मॅनेजर रायन पोल्सने जे केलं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जो थूनीला चीफ्सकडून आणलं तेही २०२६च्या चौथ्या राउंडच्या पिकवर (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायच्या हक्कावर), जोना जॅक्सन रॅम्सकडून सहाव्या राउंडच्या पिकवर, आणि सेंटरला ड्रू डॅलमन, ३ वर्षं ४२ मिलियन. मधले तिघंच्या तिघं, म्हणजे सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड, आठवड्याभरात बदलले. उजव्या टॅकलला, म्हणजे लाइनच्या उजव्या टोकाला, डार्नेल राइट आहेच. गेल्या वर्षी आपला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला (बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला), एका सीझनमध्ये त्याच्यापेक्षा जास्त मार फक्त दोघांनी खाल्लाय, २००२ला डेव्हिड कार ७६ आणि १९८६ला रँडल कनिंगहॅम ७२, त्यामुळे हे करायलाच हवं होतं.

पण लेफ्ट टॅकलचं काय? ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरमध्ये लायन्सविरुद्ध मोडला, सर्जरी झाली. ऑझी ट्रपिलो ५६व्या पिकवर घेतला पण रूकी, म्हणजे पहिलंच वर्ष. किरन अमेगाजी येलहून आलेला, दुसरंच वर्ष. आत गार्ड-सेंटरच्या मागे रायन बेट्स आणि सहाव्या राउंडचा ल्यूक न्यूमन. प्रश्न सरळ आहे, आत्ता एखादा अनुभवी टॅकल साइन करावा, की आहेत त्या पोरांवर भरवसा ठेवून ऑगस्टची वाट बघावी? तुम्ही पोल्सच्या खुर्चीत असता तर काय केलं असतं?

ब्लॉकिंगवेडा
आत्ता साइन करा. उद्या नको, आजच.

गेल्या वर्षीची १० नोव्हेंबरची पेट्रियट्सची मॅच आठवा. जोन्स आणि राइट दोघंही बाहेर, दोन्ही टॅकल बदली, आणि ९ सॅक. नऊ! १९-३ हरलो आणि लगेच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव ठरवणारा कोच) वॉल्ड्रनची नोकरी गेली. सगळे प्लेकॉलिंगवर तुटून पडले पण मला विचाराल तर त्या दिवशी कोणीही प्ले बोलावले असते तरी तेच झालं असतं, कारण क्वार्टरबॅकला तिसरं पाऊल मागे टाकायलाच मिळत नव्हतं. सीझन सुरू होताना आपण पहिल्या पाचांवर बोलतो, नोव्हेंबरमध्ये खेळतात ते मात्र सहावा, सातवा आणि आठवा.

कोथरूडचा_बेअर
पुण्यातून बघतो, तुमच्याकडे दुपारी बाराला सुरू होते ती मॅच आमच्याकडे रात्री साडेदहाला, घड्याळं बदलली की साडेअकराला. मला नियम कळतात पण लाइन अजून नीट वाचता येत नाही म्हणून विचारतो. स्विंग टॅकल म्हणजे दोन्ही बाजूंना खेळणारा बदली खेळाडू एवढं माहितीय. पण उजवीकडचा राइट एवढा तगडा आहे, दहाव्या पिकचा माणूस, तर जोन्स नसेल तेव्हा त्यालाच डावीकडे का नाही उभं करत? आणि उजवीकडे कोणालाही लावा, चालणार नाही का?

पंचाऐंशीची_ताई
अरे कोथरूडकर, तू कबड्डी बघितली असशीलच. डाव्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं खेळलेल्या पोराला अचानक उजव्या कोपऱ्यावर उभं कर, ताकद तीच, उंची तीच, पण पाय कुठला आधी टाकायचा तेच उलटं होतं आणि तेवढ्या वेळात रेडर बोनस घेऊन परत गेलेला असतो. टॅकलचंही तसंच. मागे सरकताना पहिलं पाऊल कुठल्या पायाचं, बाहेरचा हात कुठला, कंबर कुठे वळवायची, सगळं आरशातल्यासारखं बदलतं. काहींना जमतं, पण आठवड्याभराच्या तयारीत नाही जमत.

आणि तू म्हणतोस तसं केलं तर एका जागेच्या दुखापतीने दोन जागा कच्च्या होतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. मी या शहरात आले तेव्हापासून ही टीम बघतेय. ८५च्या टीमचं नाव निघालं की सगळे डिफेन्सबद्दल बोलतात, पण कव्हर्ट, बोर्ट्झ, हिल्गेनबर्ग, थेअर, व्हॅन हॉर्न ही पाच नावं मला अजून एका दमात म्हणता येतात. त्यातला हिल्गेनबर्ग तर ड्राफ्टच झाला नव्हता, आणि बोर्ट्झला आठव्या राउंडमध्ये डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणून घेतलं होतं, इथे आल्यावर बाजू बदलून गार्ड केला. म्हणजे मागच्या बाकावरचा माणूस घडवता येतो, पण त्याला वेळ आणि एक ठरलेली जागा द्यावी लागते.

कॅपचा_हिशोब
ताईंशी सहमत, ब्लॉकिंगवेडाशी नाही. घाई करू नका, आणि हे मी कंजूषपणाने म्हणत नाहीये, कारणं आहेत.

एक तर आत्ता ओटीए (ऐच्छिक सराव) आणि मिनीकॅम्पमध्ये पॅड्स नसतात, धडकाधडकी नसते. रिसीव्हर, कॉर्नर यांचं थोडंफार कळतं, लाइनमनचं काहीच कळत नाही. पॅड्स न घालता कोण चांगला ब्लॉक करतो हे बघून पैसे वाटणं म्हणजे अंधारात तीर. ट्रपिलो खरंच कसा आहे हे कॅम्पमधल्या पहिल्या पॅड्सच्या दिवसांतच दिसेल.

दुसरं म्हणजे चार सीझन झालेला अनुभवी खेळाडू पहिल्या मॅचला रोस्टरवर (टीमच्या यादीत) असला की त्याचा त्या वर्षीचा पगार गॅरंटीड झाल्यातच जमा. म्हणून बऱ्याच टीम्स असे लोक पहिल्या आठवड्यानंतर घेतात. ऑगस्टअखेर ९० खेळाडूंवरून ५३ वर येताना सगळ्या टीम्स शेकड्यांनी पोरं सोडतात, त्यात लाइनमनही भरपूर. चार वर्षं न झालेले वेव्हर्समधून जातात, म्हणजे बाकीच्या टीम्स क्रमाने त्यांच्यावर हक्क सांगू शकतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत वेव्हर्सचा क्रम ड्राफ्टच्या क्रमाने असतो, आपण दहावे होतो, म्हणजे बऱ्याच टीम्सच्या आधी आपला नंबर.

एक गोष्ट मात्र आत्ता साइन करण्याच्या बाजूने आहे ती प्रामाणिकपणे सांगतो. ड्राफ्टनंतरच्या सोमवारपासून घेतलेले फ्री एजंट (करार संपलेले खेळाडू) कॉम्पेन्सेटरी पिकच्या (खेळाडू गमावल्याची भरपाई म्हणून मिळणाऱ्या पिकच्या) हिशोबात धरत नाहीत, त्यामुळे आता कोणी घेतला तर पिकचं नुकसान नाही.

ब्लॉकिंगवेडा
हिशोबदादा, ऑगस्टला टीम्स जे लाइनमन सोडतात ते कोण असतात? ज्यांना त्या टीममध्ये नववा, दहावा नंबरही मिळाला नाही ते. या लीगमध्ये बरा टॅकल कोणी फुकट सोडत नाही. बाजारभाव बघा ना, चीफ्सनी मार्चमध्ये जेलन मूरला २ वर्षांचे ३० मिलियन दिले, जो नाइनर्सकडे ट्रेंट विल्यम्सच्या मागे बदली होता! आणि तरी त्यांचं समाधान झालं नाही, पहिल्या राउंडला ३२व्या पिकवर जोश सिमन्स घेतला. त्यांना कळलंय डेप्थ (चांगले बदली खेळाडू) नसली की काय होतं. सुपर बोल ५५ आठवा.

कॅपचा_हिशोब
चीफ्सचं उदाहरण काढलंतच तर पूर्ण काढूया, कारण त्यात आपल्या थूनीचीही गोष्ट आहे.

फेब्रुवारी २०२१, सुपर बोल ५५. डावा टॅकल एरिक फिशरची अकिलिस आधीच्याच मॅचमध्ये गेली, उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे ऑक्टोबरपासून बाहेर. मग काय केलं? उजवीकडच्या रेमर्सला डावीकडे नेलं, गार्ड वायलीला बाहेर काढून उजवा टॅकल केलं, गार्डला तिसराच. ताई म्हणतात तेच, एका खड्ड्याला माती टाकायला दुसरा खणला. त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्स पूर्ण मॅच जीव घेऊन पळत होता, ३१-९ हरले. त्यानंतर त्यांनी एका ऑफसीझनमध्ये अख्खी लाइन बदलली, थूनीला ५ वर्षांचे ८० मिलियन, रेव्हन्सकडून ऑर्लँडो ब्राउनचा ट्रेड, दुसऱ्या राउंडला क्रीड हम्फ्री आणि सहाव्या राउंडला ट्रे स्मिथ. दोन वर्षांनी ईगल्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये एकही सॅक दिला नाही आणि जिंकले.

आणि मग गेल्या सीझनला तेच पुन्हा! डावा टॅकल कोणीच टिकेना म्हणून डिसेंबरमध्ये थूनीला, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात चांगल्या लेफ्ट गार्डला, टॅकलला हलवलं, त्याच्या जागी बदली गार्ड. सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केलं नाही (जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडली नाहीत), फक्त चार जणांनी रश केलं तरी ६ सॅक, चीफ्स ४०-२२ हरले. म्हणून माझी एकच विनंती आहे, डावीकडे काहीही होवो, नवा हेड कोच बेन जॉन्सन आणि लाइन कोच रौशर यांनी थूनीला गार्डवरून हलवू नये. तो ३२ वर्षांचा आहे आणि लेफ्ट गार्ड म्हणून आणलाय.

शाम्बर्गकर
हे पटलं. म्हणजे प्रश्न "चांगला टॅकल कोण" असा नसून "कोणालाही न हलवता आत येऊ शकणारा कोण" असा आहे. मग नावं सांगा ना कोणीतरी. बाजारात आहे कोण?

ब्लॉकिंगवेडा
डी.जे. हम्फ्रीज आणि जेड्रिक विल्स, दोघंही लेफ्ट टॅकल म्हणून खेळलेले. हम्फ्रीज कार्डिनल्सचा अनेक वर्षांचा स्टार्टर, पण गुडघा गेला, मग चीफ्सकडे आला आणि पहिल्याच मॅचमध्ये हॅमस्ट्रिंग. विल्स २०२०चा दहावा पिक, ब्राउन्सकडे होता, वयाने लहान, पण त्याचाही गुडघा दुखरा आणि गेल्या वर्षी जागा गेली. मी हम्फ्रीजला एका वर्षाच्या करारावर, कमी गॅरंटी आणि जास्त रोस्टर बोनस असा घेईन, म्हणजे जितक्या मॅचेसला तयार असेल तितके पैसे.

वीकेंड_टेलगेट
हम्फ्रीज नको. दुखापतीतून उठणाऱ्या जोन्सच्या मागे विम्याला दुखापतीतूनच उठणारा दुसरा? दोघंही ऑक्टोबरमध्ये बाहेर असले तर पुन्हा अमेगाजी. आणि डिसेंबरची मंडे नाइट व्हायकिंग्जची मॅच मला अजून विसरता येत नाही, रूकी पोराला एकटं सोडून दिलं, बाजूला टाइट एंडची मदतही पुरेशी नव्हती. त्याच्यावर माझा राग नाही, ज्या पोराचा कॅम्पच दुखापतीत गेला त्याला असं फेकणं चूक होतं.

माझं मत, टॅकलला बाहेरून कोणी आणू नका, ट्रपिलोला डावी बाजू देऊन टाका. ६ फूट ८ इंच, बॉस्टन कॉलेजला दोन्ही बाजूंना खेळलाय, म्हणजे स्टार्टर नाही झाला तरी स्विंग टॅकल घरातच तयार. पैसे आतल्या बदलीवर घाला, गार्ड आणि सेंटर दोन्ही करणारा अनुभवी माणूस आणा. बेट्स ते करू शकतो पण गेल्या वर्षी तोच जास्त वेळ बाहेर होता. डॅलमनही २०२४ला घोट्यामुळे बऱ्याच मॅचेस खेळला नव्हता हे विसरू नका, आणि जॅक्सनचा खांदा.

पंचाऐंशीची_ताई
वीकेंड, तुझ्या आतल्या बदलीच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. सेंटर गेला की फक्त ब्लॉक जात नाही, समोरचा डिफेन्स वाचून बाकी चौघांना कोणी कोणाला घ्यायचं हे ओरडून सांगणारा जातो. दुसऱ्या वर्षाच्या क्वार्टरबॅकला, तेही नवीन कोचच्या सिस्टिममध्ये, ते ओझं एकट्याने उचलायला लावू नये. लायन्सचंच बघ, त्यांचा सेंटर फ्रँक रॅग्नो या महिन्याच्या सुरुवातीला २९व्या वर्षी रिटायर झाला. एवढी तगडी लाइन, तिथे असताना बेन जॉन्सन ज्या जोरावर इथपर्यंत आला ती, आणि तिचा मधला खांब जूनमध्ये गेला.

आणि ईगल्स बघ. जानेवारीत वॉशिंग्टनविरुद्ध कॉन्फरन्स फायनलला सेंटर जर्गेन्सची पाठ दुखत होती, डिकरसन गार्डवरून सेंटरला आला, स्टीन गार्डला. मग डिकरसनचा गुडघा गेला तर जर्गेन्स तशाच पाठीने आत. तरी ५५ पॉइंट केले. म्हणजे हलवाहलव चालते, पण ज्याने ती जागा आधी खेळलीय त्यालाच. डिकरसन कॉलेजला सेंटर खेळलाय.

कोथरूडचा_बेअर
एक शंका. ५३ मध्ये लाइनमन किती ठेवतात? आणि मॅचच्या दिवशी किती तयार असतात?

कॅपचा_हिशोब
साधारण नऊ, कधी दहा. मॅचच्या दिवशी आठ, कारण २०२० पासूनचा नियम असा आहे की किमान आठ ओ-लाइनमन असतील तरच ४८ जण उतरवता येतात, नाहीतर ४७. त्यामुळे बहुतेक सगळे आठ ठेवतात. म्हणजे बाकावर तीन. त्या तिघांत पाचही जागा झाकल्या जायला हव्यात, हे खरं कोडं. माझे तीन, एक स्विंग टॅकल (ट्रपिलो किंवा जोन्स, जो हरेल तो), एक गार्ड-सेंटर (बेट्स फिट असेल तर), आणि तिसऱ्या जागेसाठी अमेगाजी. त्याला तर मी कॅम्पमध्ये गार्डलाही खेळवून बघेन. न्यूमनला ५३ मध्ये ठेवा, पण पहिल्या वर्षी उतरवायची वेळ येऊ देऊ नका. उरलेले प्रॅक्टिस स्क्वॉडवर (५३ बाहेर, सरावापुरते), तिथून एका खेळाडूला सीझनमध्ये तीनदा वर घेता येतं.

शाम्बर्गकर
बरं, मी आमच्या ग्रुपवर असं मांडतो. टॅकलला आत्ता कोणी नको, पॅड्स घालून पहिले आठ-दहा दिवस बघायचे. तोवर जोन्सचा घोटा साथ देत नसेल आणि ट्रपिलो डळमळत असेल तर विल्सला बोलावून तपासायचा, हम्फ्रीज दुसरा पर्याय. गार्ड-सेंटर मात्र कॅम्पच्या आधीच आणायचा. आणि थूनी हलणार नाही. ब्लॉकिंगवेडा, चालेल?

ब्लॉकिंगवेडा
आठ-दहा नाही, पाच दिवस. तोवर विल्स दुसऱ्या कोणाकडे गेला असेल तर मी इथेच येऊन विचारणार. बाकी मान्य.

पंचाऐंशीची_ताई
मी कॅम्पला हॅलस हॉलला (बेअर्सच्या सराव केंद्रावर) जायचं बघतेय, तिकिटं मिळाली तर डावीकडे पहिल्या टीमबरोबर कोण उभा राहतो ते इथे लिहीन. कोथरूडकर, तू तोवर गेल्या वर्षीच्या लायन्सच्या दोन-तीन मॅचेस काढ आणि बॉल सोडून फक्त लेफ्ट टॅकल डेकरकडे बघ, प्रत्येक स्नॅपला (सेंटरने बॉल मागे दिला की) त्याचं पहिलं पाऊल.